चार्जरवरचा रोमन आकडा आणि वीजबचतीचा हिशेब

दरवर्षी १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन साजरा होतो. त्या आठवड्यात शाळाशाळांतून तक्ते रंगवले जातात, निबंध लिहिले जातात, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात. या तक्त्यांवर गेली काही वर्षे एक सूचना हमखास दिसते : मोबाईलचे चार्ज होणे संपले की चार्जर सॉकेटमधून काढून ठेवा, रिकामा चार्जरही वीज खातो. सूचना खोटी नाही. रिकामा चार्जर वीज घेतोच. पण किती घेतो, हे त्या तक्त्यावर कधीच लिहिलेले नसते. विज्ञान शिकवणाऱ्यांनी आकडा न देता सल्ला द्यावा, हे आम्हांला खटकते. म्हणून या लेखात आपण तो आकडा शोधू, तो इतका लहान कसा झाला ते पाहू, आणि तो लहान करणाऱ्या जागतिक मानकांत काय चांगले आहे व काय राहून गेले आहे याची तपासणी करू.

एक गोष्ट आधीच नोंदवली पाहिजे. चार्जर उपटून ठेवण्याचा हा सल्ला आपल्याकडे बाहेरून आला आहे. अमेरिकेत आणि युरोपच्या बऱ्याच भागांत भिंतीवरच्या सॉकेटला स्वतंत्र बटण नसते, त्यामुळे वीज तोडायची तर प्लग उपटण्यावाचून गत्यंतर नसते. आपल्या बोर्डावर प्रत्येक सॉकेटशेजारी बटण असते. बटण बंद केले की काम झाले. तरीही आपले तक्ते प्लग काढायलाच सांगतात. सल्ला भाषांतरित झाला, घर मात्र भाषांतरित झाले नाही. वारंवार प्लग काढघाल केल्याने सॉकेटमधील पत्र्या सैल होतात आणि तेथे ठिणग्या पडू लागतात, हा तोटा वेगळाच.

एलिमिनेटरचे दिवस

ज्यांनी टेपरेकॉर्डर आणि वॉकमन वापरले आहेत, त्यांना बॅटरी एलिमिनेटर आठवत असेल. हातात घेतला तर चांगला वजनदार लागणारा तो काळा डबा. त्यात लोखंडी पत्र्यांच्या गाभ्याभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी असलेले रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर असे. त्यापुढे दोन किंवा चार डायोड आणि एक कपॅसिटर. टेप बंद असला तरी हा डबा सॉकेटमध्ये लावलेला असला की कोमट लागे. ही ऊब म्हणजेच वाया जाणारी वीज.

टेप बंद असताना वीज का जावी? रोहित्राच्या पहिल्या वेटोळ्यातून दुसऱ्या बाजूला भार नसतानाही प्रवाह वाहतो, कारण गाभ्यात चुंबकीय क्षेत्र उभे करायचे असते. ते क्षेत्र सेकंदाला पन्नास वेळा दिशा बदलून परत येते. प्रत्येक फेरीत लोखंडाला पुन्हापुन्हा चुंबकित करण्यात काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. पत्र्यांत भोवरी प्रवाह निर्माण होतात, त्यांतही काही जाते. शिवाय वेटोळ्याच्या तारेचा रोध आहेच. अशा लहान एलिमिनेटरमध्ये रिकामा असताना एक ते दोन वॅट सहज जात.

आजचा चार्जर वजनाला हलका आहे, आणि त्याचे कारण दहावीच्या पुस्तकातल्या फॅरडेच्या नियमातच आहे. वेटोळ्यात निर्माण होणारा विद्युतदाब चुंबकीय क्षेत्र किती वेगाने बदलते यावर अवलंबून असतो. वारंवारता वाढवली, तर तेवढाच दाब कमी वेढ्यांत आणि लहान गाभ्यात मिळतो. म्हणून आजचा चार्जर प्रथम २३० व्होल्ट प्रत्यावर्ती दाबाचे सुमारे ३२५ व्होल्ट एकदिश दाबात रूपांतर करतो. मग एक इलेक्ट्रॉनिक स्विच तो दाब सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, आणि ही तुटक वीज फेराइटच्या बोटभर रोहित्रातून जाते. पलीकडचा दाब किती आहे याची खबर प्रकाशाच्या दुव्याने अलीकडच्या नियंत्रकाला मिळत राहते. भार नसेल तर नियंत्रक स्विचला बराच काळ विश्रांती देतो, मधूनच एखादा ठोका टाकतो. म्हणून रिकामा चार्जर थंड असतो.

तरीही निष्काळजी रचनेत वीज गळतेच. एक उदाहरण वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना करून पाहता येईल. नियंत्रकाला सुरुवातीला जागे करण्यासाठी जुन्या रचनांत ३२५ व्होल्टच्या तारेपासून एक मोठा रोध जोडलेला असे. तो १ मेगाओहमचा धरा. दाबाच्या वर्गाला रोधाने भागा : ३२५ गुणिले ३२५ भागिले १०,००,०००. उत्तर येते सुमारे ०.१ वॅट. एवढासा रोध, पण तो चोवीस तास एवढी वीज घेत राहतो. हे ०.१ वॅट लक्षात ठेवावे, कारण पुढे त्याची गाठ पडणार आहे.

मानके कशी घडली

१९९० च्या दशकात अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतील अ‍ॅलन मायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद दिसणाऱ्या उपकरणांचा वीजखप मोजायला सुरुवात केली. विकसित देशांत घरगुती विजेचा ५ ते १० टक्के भाग अशा सज्ज अवस्थेत जातो, असे अंदाज पुढे आले. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने सर्व उपकरणांचा सज्ज अवस्थेतील खप १ वॅटवर आणावा असा प्रस्ताव मांडला. ३१ जुलै २००१ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी सरकारी खरेदीसाठी १ वॅटची मर्यादा घालणारा आदेश काढला. सरकार हे मोठे गिऱ्हाईक असते. ते अडून बसले की कारखानदार रचना बदलतात.

चार्जर आणि अडॅप्टर यांच्यासाठी २००४ मध्ये मोजण्याची एक सामाईक पद्धत ठरली. तीत दोन गोष्टी पाहतात. पहिली, काहीही न जोडता चार्जर किती वीज घेतो. हा निर्भार खप. दुसरी, पूर्ण क्षमतेच्या २५, ५०, ७५ आणि १०० टक्के भारावर कार्यक्षमता किती, आणि त्या चार आकड्यांची सरासरी. कॅलिफोर्निया राज्याने २००४ च्या अखेरीस सक्तीचे नियम स्वीकारले. २००७ च्या कायद्याने ते अमेरिकाभर लागू झाले, १ जुलै २००८ पासून. युरोपीय संघाचे नियम २००९ मध्ये आले आणि २०१० व २०११ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. चीन व ऑस्ट्रेलिया यांनीही याच पद्धतीचा आधार घेतला. लोखंडी रोहित्राचे एलिमिनेटर या परीक्षेत टिकू शकले नाहीत आणि काही वर्षांतच बाजारातून गेले.

उत्तीर्ण झालेल्या अडॅप्टरवर रोमन आकडा छापायचा, असेही ठरले. आकडा जेवढा मोठा, तेवढी परीक्षा कडक. पातळी चारमध्ये लहान अडॅप्टरला निर्भार खप ०.५ वॅटपर्यंत चालत असे, पातळी पाचमध्ये ०.३ वॅट, आणि पातळी सहामध्ये ०.१ वॅट. अमेरिकेत पातळी सहा १० फेब्रुवारी २०१६ पासून सक्तीची झाली. युरोपने जवळपास तीच मर्यादा १ एप्रिल २०२० पासून घातली. मघाचा १ मेगाओहमचा रोध एकटाच ही सगळी मर्यादा खाऊन टाकतो. म्हणजे नव्या रचनेत त्याला जागाच उरली नाही. नियमाच्या एका ओळीमुळे जगभरातील कारखान्यांतील नकाशातून एक सुटा भाग कसा नाहीसा होतो, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

कार्यक्षमतेची अटही वाढत गेली. ५ व्होल्ट देणाऱ्या १० वॅटच्या चार्जरला पातळी सहासाठी सुमारे ७९ टक्के सरासरी कार्यक्षमता लागते. म्हणजे १० वॅट मिळवायला सॉकेटमधून १२.७ वॅटपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत.

आता हिशेब

पातळी सहाचा चार्जर वर्षभर रिकामा लावून ठेवला, तर ०.१ वॅट गुणिले ८,७६० तास, म्हणजे ८७६ वॅट-तास. एक युनिटसुद्धा नाही. ७५ वॅटचा जुना छतपंखा जेमतेम बारा तास फिरला, की तेवढी वीज गेली. २ किलोवॅटचा गिझर ती २६ मिनिटांत संपवतो. युनिटला १० रुपये धरले तरी वर्षाचे ९ रुपयेही होत नाहीत. प्रत्यक्षात चार्जर काही तास कामात असतो, त्यामुळे बचत याहूनही कमी. बोर्डावर वीज आहे हे दाखवणारा जो लहानसा लाल निऑन दिवा असतो, तोही साधारणपणे वॅटच्या दहाव्या भागाच्या आसपासच घेतो. त्याच्याविरुद्ध घोषवाक्य केलेले आम्ही पाहिले नाही.

एलिमिनेटरच्या काळात हाच सल्ला योग्य होता. २ वॅटने वर्षाला साडेसतरा युनिट होतात, म्हणजे तोच पंखा जवळजवळ दहा दिवस अखंड फिरवण्याइतकी वीज. सल्ला जुना राहिला आणि वस्तू बदलली.

मग वीज जाते कोठे? हे पाहायला आपण मुंबईच्या उत्तर वेशीवर काशीमीऱ्याला जाऊ. काशी आणि मीरा या दोन जुन्या गावांच्या नावाने ओळखला जाणारा हा नाका. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि घोडबंदर रस्ता येथे मिळतात. आजूबाजूला चाळी, गाळे आणि उंच इमारती यांची दाटी आहे. मीरा-भाईंदर महानगरपालिका २००२ मध्ये झाली, आणि २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती आठ लाखांहून अधिक होती. येथल्या घरांना वीज पुरवणारी यंत्रणा मुंबई उपनगरांचीच. पूर्वी बीएसईएस, मग रिलायन्स, आणि २०१८ पासून अदानी इलेक्ट्रिसिटी. या यंत्रणेसाठी डहाणूला कोळशावर चालणारे ५०० मेगावॉटचे केंद्र १९९० च्या दशकात उभे राहिले.

अशा वस्तीतल्या एखाद्या घरात चोवीस तास चालू असलेले अडॅप्टर मोजा. इंटरनेटचा राऊटर, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, केबलचा सेट टॉप बॉक्स. इमारतीसाठी जिन्यातले कॅमेरे, त्यांचा नोंदणी-यंत्राचा डबा, फाटकावरचा इंटरकॉम. हे रिकामे नाहीत, कामात आहेत. त्यांच्या बाबतीत निर्भार खपाला अर्थ नाही. तेथे कार्यक्षमता महत्त्वाची.

राऊटर ६ वॅट घेतो असे समजा. अडॅप्टर १२ व्होल्ट १ अँपिअरचा, म्हणजे १२ वॅटचा. पातळी सहाच्या अटीनुसार त्याची कार्यक्षमता सुमारे ८३ टक्के हवी. म्हणजे सॉकेटमधून ७.२३ वॅट जातील. त्याऐवजी ७० टक्के कार्यक्षमतेचा हलक्या प्रतीचा अडॅप्टर आला, तर ८.५७ वॅट जातील. फरक १.३४ वॅटचा. वर्षाला सुमारे पावणेबारा युनिट. रिकामा चार्जर काढून ठेवण्याच्या मानाने हे तेरापटींहून अधिक आहे, आणि ते वाचवायला घरातल्या माणसाला रोज काहीही करावे लागत नाही. शहरात अशी २ लाख घरे केवळ उदाहरणादाखल धरली, तर वर्षाला साडेतेवीस लाख युनिट होतात. कोळशाची वीज मिसळलेल्या आपल्या जाळ्यात एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे लक्षात घेता साडेसोळाशे टनांचा हिशेब झाला. त्याच २ लाख घरांनी एकेक चार्जर वर्षभर न चुकता बंद ठेवला, तर पावणेदोन लाख युनिट.

येथे आमचा पहिला आक्षेप स्पष्ट होतो. तक्त्यावरचा सल्ला बचतीची जबाबदारी मुलाच्या बोटावर टाकतो. खरी बचत मात्र अडॅप्टर घडवणाऱ्याच्या आणि नियम करणाऱ्याच्या हातात आहे. मुलांना हे कळले पाहिजे.

मानकांतील उणिवा

मानकांनी मोठे काम केले यात शंका नाही. पण त्यांच्याकडेही डोळसपणे पाहिले पाहिजे.

पहिली उणीव सरासरीची. चार बिंदूंपैकी सर्वांत खालचा २५ टक्क्यांचा आहे. आज यूएसबी-सी तोंडाचा ६५ वॅटचा लॅपटॉप चार्जर घरातील सगळ्या वस्तूंना लावला जातो. तो ५ वॅटने एखादा फोन भरत असतो, तेव्हा भार ८ टक्क्यांच्या खाली असतो. तेथे कार्यक्षमता किती असावी, याला पातळी सहाचे बंधन नाही. युरोपच्या २०१९ च्या नियमाने १० टक्के भारावरचा आकडा जाहीर करायला लावला, पण त्याला किमान मर्यादा घातली नाही. एकच चार्जर सर्वांना, ही चांगली कल्पना प्रत्यक्षात आली आणि मोजण्याची पद्धत मागे राहिली.

दुसरी उणीव दाबाची. चाचणी ११५ किंवा २३० व्होल्टच्या स्थिर दाबावर होते. आपल्याकडे गावाच्या टोकाला संध्याकाळी दाब बराच खाली उतरतो, आणि मध्यरात्री वर चढतो. अशा चढउतारात तोच अडॅप्टर कसा वागतो, हे त्या आकड्यातून कळत नाही.

तिसरी उणीव व्याप्तीची. हे नियम बाहेरच्या डब्यापुरते आहेत. वीजपुरवठा उपकरणाच्या पोटातच असेल, तर ते येथे मोजले जात नाही. युरोपने त्यासाठी वेगळा नियम केला. सज्ज अवस्थेसाठी २०१० पासून साधारण १ वॅट आणि २०१३ पासून ०.५ वॅट. परंतु सेट टॉप बॉक्ससारखी काही उपकरणे बंद दिसत असूनही आतून जागीच असतात. दूरस्थ नियंत्रकाने बंद केल्यावर फक्त दिव्याचा रंग बदलतो, खप फारसा उतरत नाही. अशा डब्याचा खप ८ वॅट धरला, तर वर्षाला ७० युनिट होतात. पातळी सहाचे ऐंशी चार्जर वर्षभर रिकामे लावून ठेवले, तेव्हा कोठे तेवढी वीज जाते.

चौथी उणीव विश्वासाची. रोमन आकडा कारखानदार स्वतःच छापतो. तपासणी करणारी यंत्रणा जागरूक असेल तेथेच त्याला किंमत. शाई स्वस्त असते.

आपल्याकडे काय आहे

भारतात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला. त्यानुसार ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो १ मार्च २००२ पासून काम करू लागला आणि २००६ मध्ये ताऱ्यांचे लेबल सुरू झाले. फ्रीज, वातानुकूलन यंत्र, गिझर, दूरदर्शन संच, एलईडी दिवे यांच्यावर ते सक्तीचे झाले. १ जानेवारी २०२३ पासून छतपंखेही त्यात आले. ही मोठी गोष्ट आहे. ७५ वॅटच्या जागी ३० वॅटचा पंखा रोज बारा तास चालला, तर वर्षाला १९७ युनिट वाचतात. पण चार्जर आणि अडॅप्टर या सक्तीच्या यादीत नाहीत.

त्यांच्यावर सक्ती आहे ती सुरक्षिततेची. २०१२ च्या आदेशाने इलेक्ट्रॉनिक वस्तूंची भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी सक्तीची झाली, आणि अडॅप्टर त्या यादीत आले. नोंदणी झालेल्या अडॅप्टरवर मानकाचा क्रमांक आणि रोमन आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ही खूण सांगते की या डब्याची सुरक्षिततेची चाचणी झाली आहे. कार्यक्षमतेविषयी ती काहीच सांगत नाही. अनेक शिक्षकही या दोन खुणांची गल्लत करतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

म्हणजे आपल्या हातातील चार्जरवर रोमन सहा दिसतो, तो बहुधा अमेरिकेच्या आणि युरोपच्या कायद्यामुळे. जगभर विकायचा चार्जर एकाच साच्यातून निघतो, म्हणून त्या कायद्याचा लाभ आपल्याला फुकट मिळाला. पण जो अडॅप्टर केवळ येथल्याच बाजारासाठी बनतो, राऊटरसोबतचा, कॅमेऱ्यासोबतचा, पाण्याच्या यंत्रासोबतचा, त्याला हे बंधन लागू असेलच असे नाही. नेमके हेच अडॅप्टर चोवीस तास चालतात. हा आमचा दुसरा आणि महत्त्वाचा आक्षेप आहे. कायद्याच्या १४ व्या कलमाने उपकरणांच्या वीजवापराची मानके ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेला आहे. मोजण्याची पद्धत जगाने तयार ठेवली आहे. नवे संशोधन करायचे नाही. अडॅप्टरला यादीत घ्यायचे, आणि त्यात आपल्या दाबाच्या चढउताराची एक चाचणी वाढवायची, एवढेच उरते. भारतीय मानक ब्यूरोने यूएसबी-सी तोंडाचे मानक २०२३ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा तोंड एक करण्याबरोबरच पोटाची परीक्षाही लावायला हवी होती.

यावर एक रास्त हरकत घेतली जाईल. सक्ती आली की वस्तू महाग होते, आणि काशीमीऱ्यासारख्या नाक्यावरील हातगाडीवरून चार्जर घेणाऱ्या माणसाला ते परवडणार नाही. ही हरकत हलकी नाही. परंतु स्वस्त अडॅप्टरची उरलेली किंमत तोच माणूस दर महिन्याच्या बिलात भरत असतो. वरच्या उदाहरणात ती वर्षाला शंभर रुपयांच्या पुढे जाते. आणि बिनखुणेच्या चार्जरचा खरा धोका विजेच्या बिलात नाहीच. चार्जरमध्ये ३२५ व्होल्टची बाजू आणि हातात येणाऱ्या तारेची बाजू यांच्यात काही मिलिमीटरचे अंतर आणि रोहित्रातील निरोधक थर एवढेच काय ते असते. पैसे वाचवण्यासाठी तेवढ्यात काटछाट केली, तर भरत असलेला फोन कानाला लावणाऱ्या मुलाच्या जिवावर बेतू शकते. तक्त्यावर चार्जरविषयी एकच वाक्य लिहायचे झाले, तर ते नोंदणी क्रमांकाविषयी असावे. हा क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या मोबाईल अ‍ॅपवर कोणालाही पडताळून पाहता येतो.

वर्गात करण्याजोगे

आठवी ते बारावीच्या वर्गांसाठी आम्ही चार गोष्टी सुचवतो.

एक. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील सर्व अडॅप्टरांची यादी करावी. कशाचा आहे, किती व्होल्ट, किती अँपिअर, रोमन आकडा कोणता, नोंदणी क्रमांक आहे की नाही, आणि दिवसाला किती तास लावलेला असतो. रोमन सहा म्हणजे पाचाची खूण आणि तिच्या उजवीकडे एक उभी रेघ. अक्षरे बारीक असतात, भिंग लागेल. वर्गातील सर्व याद्या एकत्र केल्या की बिनआकड्याचे अडॅप्टर कोणत्या वस्तूंसोबत येतात, हे मुलांना स्वतःच दिसेल.

दोन. प्लगमध्ये लावायचे वॅटमापक मिळते. पण स्वस्त मापक एका वॅटच्या खाली भरवशाचे नसते. अशा वेळी दहा चार्जर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावावेत, एकत्रित आकडा घ्यावा आणि दहाने भागावे. लहान राशी मोजण्याची ही युक्ती मुलांनी पुस्तकाच्या पानाची जाडी मोजताना वापरलेली असते.

तीन. वरच्या वर्गांनी येथे एक चूक होते ती तपासावी. रिकाम्या चार्जरचा प्रवाह काही मिलिअँपिअर भरतो. त्याला २३० ने गुणून कोणी एक-सव्वा वॅट असे उत्तर काढतात. पण तो प्रवाह मुख्यतः कपॅसिटरचा असतो, दाबाच्या सुमारे पाव फेरी पुढे चालणारा. त्यात खरी खर्च होणारी शक्ती फार थोडी असते. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे नेहमी वॅट नव्हे, हे शिकवायला याहून सोपे साधन नाही.

चार. घरचे इलेक्ट्रॉनिक मीटर पाहावे. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी हे छापलेले असते. ३,२०० असेल, तर एक लुकलुक म्हणजे १,१२५ ज्यूल. रात्री सगळे दिवे, पंखे, फ्रीज काही मिनिटे बंद करून फक्त नेहमी चालू राहणारे अडॅप्टर ठेवावेत आणि दोन लुकलुकींमधील वेळ मोजावा. ३७.५ सेकंद आले, तर भार ३० वॅटचा. फार लहान भार एकटाच असेल तर मीटर तो नोंदवेलच असे नाही, हेही मुलांना सांगावे.

कोणत्याही प्रयोगात चार्जर उघडू नये. आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भारलेला राहतो.

तक्ता कसा असावा

ऊर्जा संवर्धन दिनाचा तक्ता टाकून द्यावा असे आमचे म्हणणे नाही. सवय लागावी म्हणून बटण बंद करायला शिकवण्यात काही वावगे नाही. उन्हाळ्याच्या सुटीत गावी जाताना तर सगळीच बटणे बंद असावीत, वीज कोसळण्याच्या दिवसांत तेच शहाणपणाचे. पण तक्त्यावर प्रत्येक सूचनेपुढे वर्षाचे युनिट लिहावेत. रिकामा चार्जर : एकाहून कमी. राऊटरचा चांगला अडॅप्टर : पावणेबारा. सेट टॉप बॉक्सचे बटण रात्री आणि कामाच्या वेळी मिळून सोळा तास बंद ठेवणे : सुमारे सत्तेचाळीस. नवा पंखा : एकशे सत्त्याण्णव. ज्या मुलाने हे चार आकडे स्वतः काढले आहेत, त्याला बचत कोठे आहे हे सांगावे लागणार नाही. आणि अडॅप्टरवर तारे का नाहीत, असा प्रश्न तो विचारील तेव्हा त्याला ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोला पत्र लिहायला सांगावे, सोबत वर्गाने केलेल्या यादीची प्रत जोडून.

ज्या शाळा अशी यादी करतील, त्यांनी ती आमच्याकडेही पाठवावी. वेगवेगळ्या गावांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर बिनआकड्याचे अडॅप्टर कोणत्या उपकरणांबरोबर घरात येतात हे आपल्याला अधिक खात्रीने सांगता येईल.